लॅटिनमधला ‘मीच’

एखाद्या प्रकरणात कुणीही अर्ज केलेला नसताना न्यायालयाने आपण होऊन लक्ष घातले, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक शब्दप्रयोग हमखास येतो : न्यायालयाने ‘सुओ मोटो’ दखल घेतली. मूळ लॅटिन रूप ‘सुओ मोतू’ असे आहे. मोतू म्हणजे प्रेरणेने, हालचालीने आणि सुओ म्हणजे स्वतःच्या. हा ‘सुओ’ आपल्याला परका वाटायचे कारण नाही. संस्कृतातला ‘स्व’ आणि लॅटिनमधला ‘सुउस्’ हे एकाच मूळ रूपापासून निघालेले शब्द आहेत, आणि सुओ हे त्या सुउस्‌चे विभक्तिरूप. म्हणजे आपला ‘स्वतःहून’ आणि न्यायालयाचा ‘सुओ मोतू’ हे दूरचे भाऊबंदच म्हणायचे.

रोमन माणसाला मात्र कधीकधी नुसता सुओ पुरत नसे. ‘स्वतःच्या’ नव्हे, ‘स्वतःच्याच’ असे त्याला ठासून सांगायचे असे. तेव्हा तो शब्दाला एक शेपूट जोडीत असे : सुओप्ते. ‘मी’ला लॅटिनमध्ये एगो म्हणतात, ‘मीच’ला एगोमेत्. ‘तू’ला तू, आणि ‘तूच’ला तूते. मेत्, ते, प्ते आणि त्यांचा एक भाऊबंद प्से, अशी ही चार शेपटे आहेत. शालेय व्याकरणांत त्यांची बोळवण बहुधा एखाद्या तळटीपेत केलेली असते. परंतु पुढच्या दोन हजार वर्षांत त्यांचे काय झाले ते पाहिले, तर बोलण्यातला जोर कसा निर्माण होतो, कसा झिजतो आणि झिजल्यावर माणसे काय करतात, हे एखाद्या चांगल्या प्रयोगात दिसावे तितके स्वच्छ दिसते. आमचा पेशा विज्ञानाचा. तरी हा विषय आम्हाला ओढून घेतो तो यामुळेच.

मराठी वाचकाला हे प्रत्यय समजावून सांगण्यात फारसे कष्ट नाहीत. आपल्याकडे ‘च’ आहे. ‘मी केले’ आणि ‘मीच केले’ यांतला फरक दुसरीतल्या मुलालाही कळतो. वर्गात खडू कुणी फेकला याची चौकशी चालू असताना तर फारच चांगला कळतो. व्याकरणात याला अवधारण म्हणतात. लॅटिनमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तिथे क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कोण ते कळत असल्यामुळे ‘मी’, ‘तू’ हे शब्द एरवी गाळलेच जातात, जसे आपण ‘उद्या येतो’ किंवा ‘जेवलास का?’ असे म्हणतो. म्हणून ‘एगो’ हा शब्द तोंडातून निघाला की तिथेच जोराची पहिली पायरी झाली. एगोमेत् ही दुसरी पायरी.

मेत् हे शेपूट सर्वांत मोकळे होते. एगोमेत् म्हणजे मीच, मेमेत् म्हणजे मलाच, नोस्मेत् म्हणजे आम्हीच, सिबिमेत् म्हणजे स्वतःलाच. फक्त कर्त्याच्या जागी असलेल्या ‘तू’ला मेत् थेट लागत नसे. तिथे ‘ते’ लागे आणि तूते हे रूप होई. एवढ्यानेही मनासारखा जोर येत नसला, तर त्या तूतेवर पुन्हा मेत् चढवून तूतेमेत् म्हणायची सोय होती. शेपटाला शेपूट! ही दुहेरी जोडणी ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यातच आहे. प्ते मात्र ‘माझ्या’, ‘तुझ्या’, ‘स्वतःच्या’ अशा मालकी दाखवणाऱ्या शब्दांच्या एका विशिष्ट विभक्तीलाच बहुधा लागे.

हे प्रत्यय खऱ्या बोलण्यात कसे वावरत असतील याची कल्पना हवी असेल, तर व्याकरण बाजूला ठेवून नाटकाकडे गेले पाहिजे. इ.स.पू. १८४ मध्ये वारलेला प्लाउतुस हा रोमचा मोठा विनोदी नाटककार. त्याच्या ‘आम्फित्रुओ’ नाटकात ज्युपिटर हा देव सेनापती आम्फित्रुओचे रूप घेऊन त्याच्या घरात शिरतो, आणि त्याचा मुलगा मर्क्युरी सेनापतीचा गुलाम सोसिया याचे रूप घेऊन दाराशी पहारा करतो. खरा सोसिया युद्ध जिंकल्याची बातमी द्यायला रात्री कंदील घेऊन बंदरावरून घरी येतो, तो दारात त्याच्यासमोर सोसियाच उभा! मर्क्युरी त्याला बडवतो आणि बजावतो, की सोसिया मी आहे, तू नाहीस.

यापुढे सोसिया जे करतो ते आम्हाला फार आवडते. तो परीक्षा घेतो. शत्रूच्या राजाची कोणती वस्तू आम्फित्रुओला भेट मिळाली? सोन्याचा प्याला, असे उत्तर येते. तो आता कुठे आहे? मोहोरबंद पेटीत. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण ती आणखी कुणाला ठाऊक असू शकतात. तेव्हा सोसिया असा प्रश्न काढतो, की ज्याचे उत्तर जगात त्याच्या एकट्याखेरीज कुणाला माहीत असणे शक्य नाही : लढाई चालू असताना मी तंबूत एकटा काय करत होतो? मर्क्युरी सांगतो, की तू बुधल्यातली दारू काढून, पाणी न घालता, प्यायलास. सोसियाची बोलतीच बंद होते. प्रश्न उत्तम होता, पण समोरचा परीक्षार्थी देव होता, त्याला काय करणार! पुढे मालक त्याला विचारतो, तुला मारले कुणी? त्यावर सोसियाचे उत्तर ‘एगोमेत् मेमेत्’ असे सुरू होते : मीच मला, जो मी आत्ता घरात आहे त्याने. नुसते एगो आणि मे म्हटले असते तर वाक्याचा अर्थ तोच राहिला असता, पण प्रेक्षक हसले नसते. स्वतःची ओळखच हातातून निसटत चाललेला माणूस जीव खाऊन शेपटे जोडतो आहे, हा त्यातला विनोद आहे. याच कथेवर फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६८ मध्ये नाटक लिहिले, आणि तेव्हापासून फ्रेंचमध्ये हुबेहूब दुसऱ्यासारखा दिसणाऱ्या माणसाला ‘सोझी’, म्हणजे सोसिया, असेच म्हणू लागले.

‘मीच’ला साक्षीदाराच्या तोंडी वेगळे वजन येते. व्हर्जिलच्या ‘इनीड’ महाकाव्यात एकाक्ष राक्षसाच्या गुहेतून वाचलेला ग्रीक खलाशी आपल्या सोबत्यांचे काय झाले ते सांगतो. तिथे ‘पाहिले’ या क्रियापदाला कवीने एगो नव्हे तर एगोमेत् जोडले आहे. ऐकीव नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिले, एवढे सगळे त्या एका शेपटात येते.

इतिहासकार लिव्हीने तर अशा एका शेपटावर कालगणनेचा सबंध युक्तिवाद तोलला आहे. रोमचा दुसरा राजा नुमा हा मोठा ज्ञानी होता, अशी परंपरा. एवढे ज्ञान त्याला कुठून आले? लोक सांगत, की तो पायथागोरसचा शिष्य होता. होय, भूमितीच्या पुस्तकातला आपला पायथागोरसच. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा लिव्ही म्हणतो की हे अशक्य आहे. नुमानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, सेर्विउस तुल्लिउस राजाच्या काळात, पायथागोरस इटलीच्या दक्षिण टोकाला शिकवत होता. शिवाय दोघे एका काळातले असते असे धरले, तरी त्याची कीर्ती मधल्या इतक्या मुलखांतून नुमापर्यंत कोणत्या भाषेतून पोहोचली असती? हा सगळा हिशेब मांडून झाल्यावर लिव्ही निष्कर्ष देतो, की नुमाचे शहाणपण बाहेरून आलेले नव्हते, ते ‘सुओप्ते’ म्हणजे त्याच्या स्वतःच्याच स्वभावातून आलेले होते. इथे प्ते नुसता अलंकार नाही. पायथागोरसला वाक्याबाहेर काढण्याचे काम ते करते.

विज्ञानाच्या वाचकांसाठी प्तेचे आणखी एक उदाहरण देण्याजोगे आहे. इ.स.पू. ४५ मध्ये सिसेरोने देवांच्या स्वरूपाविषयी एक संवादग्रंथ लिहिला. त्यात एपिक्युरसच्या अणुवादाची चर्चा येते. अणू स्वतःच्याच वजनाने सरळ खाली पडत राहिले, तर सगळे आधीच ठरून गेले आणि माणसाच्या हाती काही उरले नाही. ही अडचण टाळण्यासाठी एपिक्युरसने अणूंना किंचित तिरके वळण दिले. सिसेरोला ही पळवाट हास्यास्पद वाटते. या ‘स्वतःच्याच वजनाने’मधला ‘स्वतःच्याच’ म्हणजे सुओप्ते. कुणी ढकलले नाही, ओढले नाही, तरी पडणे, हे सांगण्यासाठी त्याला साधा सुओ अपुरा वाटला.

प्ते एके काळी अधिक मोकळेपणाने वापरले जात असावे. थोरल्या केटोने, म्हणजे इ.स.पू. २३४ ते १४९ या काळातल्या त्या करड्या रोमन मुत्सद्द्याने, ‘मलाच’ या अर्थी मिहिप्ते आणि ‘तुम्हीच’ या अर्थी वोप्ते अशी रूपे वापरली होती. हे आपल्याला कळते ते मोठ्या आडवाटेने. ऑगस्टस बादशहाच्या नातवंडांना शिकवणारा वेर्रिउस फ्लाक्कुस नावाचा शिक्षक होता. सारख्या कुवतीच्या विद्यार्थ्यांत स्पर्धा लावून विजेत्याला एखादे सुंदर किंवा दुर्मिळ जुने पुस्तक बक्षीस देणारा, अशी त्याची ख्याती होती. त्याने जुन्या शब्दांचा एक प्रचंड कोश केला. तो कोश नष्ट झाला. दुसऱ्या शतकात फेस्तुस याने केलेल्या त्याच्या संक्षेपाची अकराव्या शतकातली एक हस्तलिखित प्रत राहिली, तीही अर्धीअधिक गमावलेली आणि आगीने होरपळलेली. आठव्या शतकात पाउलुस नावाच्या धर्मोपदेशकाने त्या संक्षेपाचाही संक्षेप केला. मिहिप्ते आणि वोप्ते या गाळणीतून आपल्यापर्यंत आले आहेत. एका शिक्षकाला जुने शब्द टिपून ठेवावेसे वाटले नसते, तर या दोन रूपांचा मागमूसही उरला नसता.

हे प्ते आले कुठून? पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध संस्कृत ‘पति’शी लावतात. वरकरणी हे चमत्कारिक वाटते. मालक कुठे आणि ‘च’ कुठे! परंतु लिथुएनियन भाषेत ‘पात्स’ या एकाच शब्दाचा अर्थ नवराही होतो आणि ‘स्वतः’ही होतो; आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात बोलल्या जाणाऱ्या हित्ती भाषेत ‘पत्’ हा जोर देणारा प्रत्यय होता. एमील बेन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने या धाग्यांचा सविस्तर विचार केला आहे. ‘स्वतः’ आणि ‘मालक’ या दोन कल्पना एकमेकींजवळ राहतात याचा पुरावा रोममध्येही मिळतो. घरातले नोकरचाकर मालकाला नुसते ‘इप्से’, म्हणजे ‘स्वतः’, म्हणत आणि मालकिणीला ‘इप्सा’. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या बायका नवऱ्याचे नाव न घेता ‘हे’ म्हणत, त्याचीच ही एक तऱ्हा.

या इप्सेकडे आता वळू, कारण त्यात चौथे शेपूट दडले आहे. लॅटिनमध्ये तो हा अर्थ ‘इस्’ या सर्वनामाने दाखवत आणि ती हा ‘एआ’ने. त्यांना प्से लावून ‘तोच, तो स्वतः’ असा अर्थ मिळे. सुरुवातीला विभक्ती आणि लिंग यांचे बदल आतल्या शब्दात होत आणि शेपूट जसेच्या तसे राही. प्लाउतुसच्या नाटकांत एआप्से म्हणजे ‘तीच’ आणि एउम्प्से म्हणजे ‘त्यालाच’ अशी रूपे सापडतात. हे अगदी आपल्या ‘तसाच, तशीच, तसेच’सारखे झाले, बदलते ते ‘तसा’, ‘च’ बदलत नाही. पुढे लोकांना हा जोड दिसेनासा झाला. इप्से हा एकसंध शब्द वाटू लागला, आणि शब्द म्हटला की त्याच्या शेवटाला विभक्ती लागायची हा लॅटिनचा नियम. म्हणून इप्सा, इप्सुम् अशी रूपे आली. उद्या मुले ‘तसचा, तसची, तसचे’ असे म्हणू लागली तर जे होईल ते रोममध्ये खरोखरच झाले. जुन्या पद्धतीचा एक अवशेष ‘रेआप्से’, म्हणजे वस्तुतः, या शब्दात अडकून राहिला आणि सिसेरोने तो वापरला. पहिल्या शतकातला तत्त्वज्ञ सेनेका एका पत्रात लिहितो, की सिसेरोचा राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ तिघांनी हाती घेतला, तर तत्त्वज्ञ त्यात न्यायाविषयीचे विचार शोधील आणि व्याकरणकार ‘रेआप्से हा शब्द आला आहे’ अशी टीप करून ठेवील. सेनेकाने हे टीकेच्या सुरात लिहिले आहे. आम्हाला त्या व्याकरणकाराविषयी सहानुभूती वाटते. एआप्सेतून इप्सा कशी झाली याचा साक्षीदार असा एखादाच अडगळीतला शब्द असतो.

इप्सेची सर्वांत प्रसिद्ध जोडी म्हणजे ‘इप्से दीक्सित्’, त्यांनी स्वतः सांगितले आहे. सिसेरोच्या त्याच देवांवरच्या ग्रंथात ही हकीकत आहे. पायथागोरसच्या शिष्यांना एखाद्या मताचे कारण विचारले, तर ते एवढेच म्हणत. ‘स्वतः’ म्हणजे अर्थात पायथागोरस. सिसेरोला हे मुळीच पसंत नाही. शिकवणाऱ्याचा दबदबा हा शिकणाऱ्याच्या आड येतो, कारण तो आपली बुद्धी चालवण्याचे सोडून देतो, असे त्याने तिथे स्पष्ट म्हटले आहे. एगोमेत् म्हणणारा खलाशी आणि इप्से म्हणणारे शिष्य, दोघेही जोराचे शेपूटच वापरत आहेत. एक आपल्या डोळ्यांची साक्ष काढतो, दुसरे गुरूच्या शब्दाची. आजही निबंधात किंवा वादात पुराव्याऐवजी नुसते मोठे नाव पुढे केले, तर इंग्रजीत त्याला याच दोन लॅटिन शब्दांनी टोकतात.

आता मुख्य गोष्ट. नाण्यावरचा छाप जसा हाताळून पुसट होतो, तसा जोराचा शब्द वापरून सपाट होतो. प्रत्येक जण सारखाच ‘मीच, मीच’ म्हणू लागला, की ‘मीच’चा अर्थ ‘मी’ एवढाच उरतो. मग खरोखर जोर द्यायचा असेल त्याने काय करावे? आणखी काही जोडावे. मेत्‌च्या जोडीला इप्से घेण्याची रीत लिव्हीच्या काळात रुळलेली होती : सेमेत् इप्सुम्, म्हणजे ‘स्वतःलाच स्वतः’. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने बायबलचे लॅटिन भाषांतर केले, त्यात सेमेतिप्सुम् हा जणू एकच शब्द असल्यासारखा वारंवार येतो. विनोदी बोलण्यात तर मजल याच्याही पुढे गेली होती. ‘उंच, अधिक उंच, सर्वांत उंच’ अशी विशेषणांची चढती रूपे असतात. ‘स्वतः’ची कुठली असणार? पण प्लाउतुसच्या एका पात्राला, तूच का तो, असे विचारल्यावर ते ‘इप्सिस्सुमुस्’, म्हणजे ‘सर्वांत स्वतः’, असे ठोकून देते. पहिल्या शतकात पेत्रोनिउसच्या कादंबरीत मेजवानीला जमलेले मुक्त गुलाम आपल्या जुन्या मालकाला ‘इप्सिमुस्’ म्हणतात. पेत्रोनिउसने त्यांच्या तोंडी बाजारातली बोली घातली आहे, म्हणून हा पुरावा मोलाचा.

यानंतर जे झाले ते एखाद्या शिंप्याच्या हातून कापड भलत्याच रेघेवर कापले जावे तसे झाले. सेमेत् + इप्सुम् असा खरा सांधा. पण भरभर बोलताना सांधा ऐकू येत नाही. ऐकणाऱ्यांनी तो से + मेतिप्सुम् असा तोडला. असे चुकीचे तुकडे इतरत्रही पडतात. आपले ‘नारंग’ अरबीतून स्पेनमध्ये गेले तेव्हा ‘नारांखा’ म्हणून न सकट राहिले, पण इटलीत आणि फ्रान्समध्ये तो ‘न’ आधीच्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दाचा समजला गेला आणि ऑरेंज उरले. लॅटिनमध्ये उलट झाले. आधीच्या शब्दाचे शेपूट पुढच्याचे डोके बनले. या मेतिप्सेला इप्सिमुस्‌सारखी चढती श्रेणी लागून ‘मेतिप्सिमुस्’ तयार झाला.

हे मेतिप्सिमुस् रोमन ग्रंथांत लिहिलेले आढळत नाही. मग ते होते हे कशावरून? ऑगस्ट श्लायखर (१८२१–१८६८) या जर्मन पंडितापासून अशा अनुमानाने मिळवलेल्या रूपाच्या डोक्यावर तारा काढण्याची पद्धत रूढ झाली. अनुमान मात्र मनमानी नसते. इटालियनमध्ये मेदेसिमो, स्पॅनिशमध्ये मिस्मो, पोर्तुगीजमध्ये मेज्मू, फ्रेंचमध्ये मेम्, या सगळ्यांचा अर्थ ‘तोच’ किंवा ‘स्वतः’. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज दप्तरांत हा मेज्मू पानोपानी भेटतो. मेम् आणि मेतिप्सिमुस् यांत वरवर पाहता फक्त म समान आहे. परंतु लॅटिन वीता, म्हणजे जीवन, याचे स्पॅनिशमध्ये व्हीदा आणि फ्रेंचमध्ये व्ही होते. लॅटिन कातेना, म्हणजे साखळी, याचे स्पॅनिशमध्ये कादेना आणि फ्रेंचमध्ये शेन. दोन स्वरांमधला त स्पॅनिशमध्ये द होतो आणि फ्रेंचमध्ये पार नाहीसा होतो, हा नियम शेकडो शब्दांत दिसतो. म्हणजे मेतिप्सिमुस्‌मधून आधी ‘मेद-’ आणि मग ‘मे-’ मिळाले पाहिजे. जुन्या फ्रेंचमध्ये पाहावे तर मेदिस्मे आणि मेइस्मे ही दोन्ही रूपे हजर! तसेच लॅटिन इन्सुलाचे, म्हणजे बेटाचे, स्पॅनिशमध्ये इस्ला आणि फ्रेंचमध्ये ईल. सणाला स्पॅनिशमध्ये फिएस्ता आणि फ्रेंचमध्ये फेत. व्यंजनाआधीचा स फ्रेंचने गिळला. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या १७४०च्या आवृत्तीने तो लेखनातूनही काढला आणि त्या जागी स्वरावर छोटीशी टोपी ठेवली. मेम्‌मधल्या ए या स्वरावर आजही ती टोपी आहे. गिळलेल्या स चे ते थडगे समजावे.

तेव्हा हिशेब असा झाला. मेत् हे एके काळचे शेपूट. ज्या शब्दांना ते लागे ते एगो, से वगैरे बदलून गेले किंवा बाजूला पडले, आणि शेपटातून एक स्वतंत्र शब्द उभा राहून आज कोट्यवधी लोकांच्या तोंडी आहे. गंमत म्हणजे फ्रेंच माणूस ‘मी स्वतः’ला म्वा-मेम् म्हणतो. सर्वनामाच्या मागे पुन्हा मेत् येऊन बसले! रिचर्ड डॉकिन्सने १९७६ मध्ये सांस्कृतिक अनुकरणाच्या एककासाठी ‘मीम’ हा शब्द बनवला. तो अनुकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतला असला, तरी हवे तर फ्रेंच मेम्‌शी त्याचे नाते जोडा, असे त्याने तिथेच लिहून ठेवले आहे. मुलांच्या फोनवर फिरणाऱ्या मीमचा आणि सोसियाच्या मेमेत्‌चा संबंध एवढाच, सोयीचा, रक्ताचा नाही.

इप्सेचे नशीब निराळे निघाले. स्पॅनिशमध्ये त्याचे ‘एसे’ झाले, अर्थ नुसता ‘तो’. सार्डिनिया बेटावर तर ते ‘सु’ आणि ‘सा’ एवढे झिजले आणि इंग्रजी ‘द’सारखे कुठल्याही नामाआधी लागू लागले. ज्या शब्दापुढे पायथागोरसचे शिष्य मान तुकवत, तो आज सार्डिनियात दगडाला आणि बकरीलाही लागतो.

झिजणे आणि पुन्हा भर घालणे, या फेऱ्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिले ते आंत्वान मेइये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने. स्वतंत्र शब्दांचे प्रत्यय कसे होतात याला १९१२ मध्ये त्याने ‘व्याकरणीकरण’ या अर्थाचे नाव दिले, आणि भाषा वर्तुळात नव्हे तर मळसूत्रासारखी फिरते असे म्हटले. जोर येतो, विरतो, पुन्हा येतो, पण दर वेळी वेगळ्या साहित्यातून. याच मेइयेचा शिष्य झ्यूल ब्लोख. त्याने मराठी भाषेच्या घडणीवर १९२० मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. लॅटिन आणि मराठी एकाच तराजूत तोलण्याची ही परंपरा आमची नव्हे, त्यांची.

आपल्या ‘च’ची कुंडलीही अशीच मनोरंजक आहे. संस्कृतात ‘रामः लक्ष्मणः च’ यातला च म्हणजे आणि. लॅटिनमधला ‘क्वे’ हा प्रत्यय त्याचा सख्खा चुलतभाऊ. तोही शब्दाच्या मागे लागतो आणि त्याचा अर्थही आणि. मग मराठीत ‘च’चा अर्थ ‘आणि’ का नाही? बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृत भाषांचे नियम दिले. त्यात चेअ, चिअ, च्च हे शब्द अवधारणासाठी येतात असे त्याने नोंदवले आहे. मराठी ‘च’ याच घरातला. आणि चेअचे मूळ सामान्यतः संस्कृत ‘चैव’, म्हणजे च + एव, असे सांगितले जाते. जोर खरा होता तो ‘एव’मध्ये. ‘च’ बिचारा नुसता जोडाक्षरासारखा सोबतीला होता. उच्चार झिजत गेला तसा एव गळून पडला आणि सोबत्याच्या अंगावर सगळा जोर आला. मेतिप्सेच्या कथेत आणि या कथेत तपशील वेगळे आहेत, चाल तीच आहे.

आणि आज? ‘मीच’ पुरेनासे झाले की आपण ‘मी स्वतः’ म्हणतो, तेही कमी पडले की ‘मी स्वतःच’, आणि समारंभाच्या निमंत्रणात ‘जातीने हजर राहावे’ असे लिहितो. वर्गात करून पाहण्याजोगा एक उद्योग सुचवतो. विद्यार्थ्यांना आठवडाभर घरातली, बाजारातली, दूरदर्शनवरच्या मुलाखतींतली अशी ‘च’ची वाक्ये टिपायला सांगावीत आणि प्रत्येकासमोर लिहायला लावावे, की तो ‘च’ काढून टाकला तर अर्थ बदलतो की नाही. ‘नक्कीच’, ‘खूपच’, ‘तसेच’ यांतला ‘च’ वेगळ्या रकान्यात टाकावा. दोन्ही रकाने मोजून भरले, की आपल्या गावात ‘च’ किती झिजला आहे ते फळ्यावर दिसेल. आजी-आजोबांच्या आणि मुलांच्या वाक्यांचे रकाने वेगळे केले तर आणखी चांगले.